बेअरिंग गेलंय

इंजिनचा रिपोर्ट वाईट यावा असं मला वाटत होतं. घरात बाकी सगळ्यांना तो चांगला यायला हवा होता, कारण गाडी विकायची होती. विकायची मलाही होती. तरी रिपोर्ट मला वाईट हवा होता.

गाडी म्हणजे जुनी फियाट, माझ्या लग्नाच्याही आधीची. पावण्याला एमआयडीसीत मी ज्या कारखान्यात ऑपरेटर होतो, तिथले एक साहेब परदेशी जायला निघाले तेव्हा ती मी त्यांच्याकडून घेतली. गावात तेव्हा दुसरी गाडी नव्हती. मी आणि माझी बायको गोजरा त्या गाडीतून पहिल्यांदा तिच्या माहेरी, उरणजवळच्या मोऱ्याला गेलो, तेव्हा बंदरावरची माणसं हातातली जाळी खाली ठेवून बघायला आली होती. गोजरा पुढच्या सीटवर, कोपर खिडकीबाहेर काढून बसली होती. नंतर आयुष्यभर ती तशीच बसली. कोणी पाहुणा आला आणि तिला मागे बसायला सांगितलं, तर म्हणायची, "मागं सामान ठेवतान."

ती गेली त्याला वर्ष होऊन गेलं. पोटाचा कॅन्सर होता आणि कळला तेव्हा उशीर झाला होता. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही.

आजारात शेवटी शेवटी ती एकच गोष्ट मागत होती. मोऱ्याला जायचं, भाऊ गोटीरामकडे एक दुपार बसायचं आणि परत यायचं. जायचं ते मात्र फियाटमधून. आमचा मुलगा तेजस याची मोठी एसी गाडी दारात होती, पण ती त्यात बसायला तयार नव्हती. त्या गाडीतून तिला नेलं ते फक्त तपासण्यांना आणि किमोला. ती म्हणायची, "त्या गाडीत बसला का हॉस्पिटलच येतं."

मी फियाट काढायचं ठरवलं. गाडी बरेच दिवस उभी होती. सुरू केली तर इंजिनातून टकटक असा आवाज यायला लागला. तेजसने लगेच पोपटला फोन लावला. पोपट आमचा मेकॅनिक, नावड्याला त्याचं गॅरेज आहे. तेजसचा बांधकामाचा धंदा आहे आणि त्याच्या डंपरांची कामंही पोपटच करतो. पोपट आला, त्याने बॉनेट उघडलं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि एक कानाला लावून ऐकलं. मग हात पुसत म्हणाला, "काका, बेअरिंग गेलंय. उरण रोडला कधीही जाम होईल."

तेजस म्हणाला की पुढे-मागे ट्रेलर, गाडीत पेशंट, आणि रस्त्यात इंजिन जाम झालं तर कोणी काय करायचं. त्याचं चूक होतं असं नाही. बोलता बोलताच त्याने बॅटरीची वायर काढून ठेवली. गोजरा वर खिडकीत बसून सगळं बघत होती. मी जिना चढून गेलो आणि तिला सांगितलं. ती थोडा वेळ गाडीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "म्हंजे तिचा पन झाला."

मोऱ्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. फाल्गुनात ती गेली.

त्यानंतर मला त्या गाडीचा राग येऊ लागला. माणसावर राग धरायला माझ्याकडे कोणी नव्हतं. डॉक्टरांनी त्यांचं केलं होतं, तेजसने धावपळ केली होती, सुनेने, प्रियाने, सेवा केली होती. राहिली गाडी. चाळीस वर्षं मी तिला धुतली, पुसली, तिच्या एका स्क्रूलाही परका हात लावू दिला नाही, आणि गोजराला एकदा मोऱ्याला न्यायचं तर तिने नेमकं बेअरिंग घालवलं. महिनाभर मी तिच्याकडे बघितलंही नाही. मग एक दिवस वायर लावून सुरू केली तर आवाज नव्हता. पोपटला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, असं होतं काका, कधी वाजतं कधी वाजत नाही, पण आतून गेलेलंच आहे. मी त्यावर विश्वास ठेवला. रोज सकाळी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावरून तिला एक चक्कर मारायचो, इंजिन जाम होईल म्हणून वाट बघत. झालं नाही.

गाडी विकायचा विषय तेजसने काढला. मुंबईचे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात, त्यांना आमची गाडी पसंत होती. शिवाय बिल्डिंगखालची ती जागा तेजसला हवी होती. मी ताबडतोब हो म्हणालो, त्याचं तेजसला आश्चर्य वाटलेलं दिसलं. त्या गृहस्थांची एकच अट होती. इंजिन उघडायचं नाही, मूळ आहे तसं हवं, पण आतली तब्येत कळावी म्हणून इंजिनमधल्या तेलाची लॅबमध्ये तपासणी करून घ्यायची.

असं काही असतं हे मला माहीत नव्हतं. कारखान्यात आमच्या कॉम्प्रेसरचं तेल कोणी तरी बाटलीत भरून न्यायचं एवढंच बघितलं होतं. लॅब आमच्या पावण्यालाच निघाली, रंगाच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. तिथून अबोली नावाची मुलगी नमुना घ्यायला घरी आली. तिने मला इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालू ठेवायला सांगितलं. मग तेल मोजायची पट्टी काढली, त्या भोकातून एक बारीक नळी आत सोडली आणि हातपंपाने ओढून एक छोटी बाटली भरली. काम करताना ती तेजसला समजावून सांगत होती. इंजिनचा प्रत्येक भाग वेगळ्या धातूचा असतो, जो भाग झिजतो त्याचा कण तेलात उतरतो. सिलिंडर झिजला तर लोखंड, बेअरिंग झिजलं तर शिसं आणि कथील. इंजिन न उघडता तेलच सांगतं आत काय चाललंय ते.

"म्हणजे इंजिनची ब्लड टेस्टच की," तेजस म्हणाला.

"हो, आम्ही कस्टमरना तसंच सांगतो," ती हसून म्हणाली.

मी दोघांकडे पाठ करून बॉनेट पुसत राहिलो. ब्लड टेस्ट मी वर्षभर बघितल्या होत्या. त्यातलं काही गमतीचं आठवत नव्हतं.

मग तिने विचारलं, तेल शेवटचं कधी बदललं. तेजस म्हणाला, दर दसऱ्याला बदलतो. ते खरं होतं. दसऱ्याला गाडीची पूजा, त्याच्या आदल्या दिवशी नवीन तेल, हा आमच्या घरचा रिवाज. जुनं काळं तेल डब्यात भरून गोटीराम मोऱ्याला न्यायचा आणि होडीच्या आतल्या फळ्यांना लावायचा, लाकूड टिकतं म्हणून. गोजरा स्वतः डब्याचं झाकण फडक्याने बांधून द्यायची.

मी म्हणालो, "या दसऱ्याला नाही बदललं."

तेजस माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला म्हणालो, घरात वर्षभर सण नव्हता, विसरलास का. हार नाही, पूजा नाही, तेल कोण बदलणार. आत आहे ते त्याच्या आधीच्या दसऱ्याचं तेल आहे.

अबोली म्हणाली, तेल जुनं असलं तर बरंच आहे. नवीन तेल सगळं झाकून टाकतं. या तेलाने तेवढे सगळे दिवस बघितलेत, त्यामुळे त्यात काही झालं असेल तर यात असणारच. मध्ये वरून तेल टाकलंत का, असं तिने विचारलं. मी नाही म्हणालो.

ती गेल्यावर मी तिथेच गाडीत बसून राहिलो. आत जे तेल होतं, तेच तेल पोपटने कान लावला त्या दिवशी होतं. बेअरिंग तेव्हा गेलं असेल तर त्याचा चुरा याच तेलात होता. रिपोर्टात तो दिसला की विषय संपला असता. गाडीच जाऊ शकत नव्हती, कोणी गोजराला अडवलं नव्हतं, एवढं छापील कागदावर आलं असतं. गाडीचा राग करायला मी मोकळा झालो असतो. म्हणून मला रिपोर्ट वाईट हवा होता.

रिपोर्ट आला तो तेजसच्या फोनवर. तो खुशीत होता. सौदा पक्का, शनिवारी चार वाजता ते गृहस्थ ट्रक घेऊन गाडी न्यायला येणार, असं त्याने जेवताना जाहीर केलं. प्रियाने मला आणखी भात वाढला. मी विचारलं, बेअरिंगचं काय लिहिलंय. तो म्हणाला, सगळं ओके आहे बाबा, टेन्शन घेऊ नका, आणि फोनवर बोलत उठून गेला.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेलो. अबोलीने कागद छापून माझ्या हातात दिला आणि एकेक आकडा बोटाने दाखवला. लोखंड थोडं, एवढ्या जुन्या इंजिनला असतं तेवढं. धूळ जास्त, कारण आपल्याकडे हवेत धूळच आहे, एअर फिल्टर बदला. तेल आंबट झालंय, तेही बदला. शिसं आणि कथील जवळजवळ नाहीच.

मी म्हणालो, पण बेअरिंग गेलेलं आहे.

"गेलेलं नाही, काका."

मी तिला टकटक सांगितली, मेकॅनिकने कान लावून ऐकलं ते सांगितलं. ती म्हणाली, बेअरिंग आवाज करण्याइतकं गेलं असतं तर या चौकटीत तीन आकडी संख्या दिसली असती, आणि तेल बदललेलं नसताना ती पुसली जाण्याचा प्रश्नच नाही. आवाज दुसरा कसला तरी असणार. मी म्हणालो, मग पुन्हा तपासा, तुमची काही तरी चूक झाली असेल.

ती कागदावरचं बोट काढून माझ्याकडे बघायला लागली. "काका, रिपोर्ट खराब आला की लोक म्हणतात पुन्हा करा. चांगला आला म्हणून भांडायला आलेले तुम्हीच पहिले."

मी का विचारतोय, हे तिने विचारलं नाही. पण बाटलीत उरलेलं तेल घेऊन आत गेली आणि मला बाकावर बसायला सांगितलं. बाहेर आली तेव्हा तिने फक्त मान हलवली. आकडे तेच होते.

शनिवारी सकाळी मी गाडी काढली. तेजसला वाटलं, शेवटची चक्कर मारतोय. त्याने वरूनच ओरडून सांगितलं, चारच्या आत या. मी नावड्याला पोपटच्या गॅरेजवर गेलो. तो एका डंपरखाली आडवा झाला होता. डंपर तेजसचाच. मी गाडी बंद न करता तिथे उभी केली आणि त्याला बाहेर बोलावलं.

"काय काका, विकली म्हणे डार्लिंग?" तो उठून बसत म्हणाला. "वाजतेय मस्त."

मी कागद त्याच्या पुढे धरला. त्याने हात काळे आहेत म्हणून घेतला नाही. मी त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, लॅबवाले काय, मशीन सांगेल ते छापतात, इंजिन आपल्याला कानाने कळतं. मी म्हणालो, तर मग आता कान लाव. तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला आणि फडक्याने उगाच बोटं पुसत बसला.

"पोपट, त्या दिवशी काय वाजत होतं?"

"जाऊ दे ना काका. किती दिवस झाले."

"काय वाजत होतं?"

"टॅपेट," तो म्हणाला. "वरचा एक टॅपेट ढिला होता, आवळायचा एवढंच. गाडी उभी होती ना बरेच दिवस."

"किती वेळाचं काम?"

"चहा पिऊन होईपर्यंतचं."

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवला. त्याला ते सहन झालं नसावं, तो आपणहून सांगायला लागला. म्हणाला, मी तुमच्याकडे यायला निघालो त्याच्या आधी तेजसशेठचा परत फोन आला होता. म्हणाले, काही पण असू दे, बेअरिंग गेलंय सांग. आई ऐकणार नाय, बाबा पण ऐकणार नाय. म्हातारा माणूस पेशंटला घेऊन ट्रेलरच्या मधून जाणार, काही झालं तर मला दोघांचं करावं लागेल. काका, मला पण वाटलं बरोबर बोलतायत. आणि शेठला मी नाही कसं बोलू, माझं सगळं काम त्यांचं. नंतर काकी गेल्यावर मला कसं तरीच वाटलं. तुम्ही दिवसकार्यात होता तेव्हा मी गुपचूप येऊन टॅपेट टाइट करून गेलो.

"कशाला?"

"म्हटलं, वाजायला नको. तुम्हाला त्रास होईल."

त्याला शिव्या द्याव्यात असं वाटलं, पण त्याच्यावर खर्च करायला माझ्याकडे तेवढा राग नव्हता. मी विचारलं, काकीला हे माहीत होतं का. तो नाही म्हणाला. मग मी त्याच्याकडून एक पाना आणि रिकामा डबा मागून घेतला. कशाला ते त्याने विचारलं नाही.

घरी जायला तळोजा रस्त्याने उजवीकडे वळायचं असतं. मी कळंबोलीला आलो आणि उरणच्या रस्त्याला लागलो. कंटेनरचे ट्रेलर एकामागे एक होते. काही ड्रायव्हर जुनी गाडी बघून हॉर्न वाजवत होते, एकाने हात केला. गव्हाण फाट्याच्या पुढे मी गाडी जरा पळवली. आवाज नाही, धूर नाही. जासईच्या चढावर मी मनात म्हणालो, आता तरी बंद पड. तू इथे बंद पडलीस तर मी घरी जाऊन तेजसला म्हणेन, तू खोटं बोललास पण तुझं खरं ठरलं. ती चढ सहज चढली. बाजूच्या सीटवर पाना आणि डबा होता. खिडकी मी उघडी ठेवली होती.

तेजसला भीती वाटली असेल हे मला समजतं. मला समजत नाही ते एवढंच की त्याने ती भीती आईला तोंडावर का नाही सांगितली. गोजरा भांडली असती. तिने त्याला दोन शब्द सुनावले असते, आणि कदाचित ऐकलंही असतं. निदान भांडायला तिला माणूस मिळाला असता. त्याने गाडी पुढे केली. गाडीशी कोण भांडणार. ती गाडीला आपल्यासारखीच समजून गप्प बसली.

मोऱ्याला पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती, लाँच बंद होत्या आणि बंदरावर फारसं कोणी नव्हतं. गोटीराम होडीपाशी होता. होडी वर ओढून ठेवली होती. त्याने गाडीचा आवाज ओळखला असणार, कारण मी थांबायच्या आतच तो चालत येत होता. त्याने आधी बाजूच्या सीटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दाजी, कशी काय आली? तेजस बोलला होता गाडी मेलीय."

"तो पुष्कळ बोलतो," मी म्हणालो.

चहा नको म्हणालो. त्याने होडीकडे हात केला. "दीड वरीस तेल नाय. फळ्या बघा कशा झाल्यान." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तो फळीवरून हात फिरवायला लागला.

मी म्हणालो, तेल आणलंय. गाडीतच आहे.

जुनं तेल काढायचं तर इंजिन गरम असताना काढावं, सगळं खाली येतं. गोटीरामने गोणपाट आणून दिलं. मी त्यावर पडून गाडीखाली सरकलो, पाना लावून खालचा नट सोडवला. या वयात ते सोपं नव्हतं. तेल काळं कुळकुळीत धार धरून डब्यात पडायला लागलं. गोटीराम वाकून बघत होता. त्याने विचारलं, नवीन कुठाय, भरायचं ते. मी सांगितलं, आणलं नाही.

"मंग गाडी जाल कशी?"

तेवढ्यात फोन वाजला. मी खालीच आडवा होतो. तेजस होता. विचारत होता, तुम्ही कुठे आहात, ते लवकर आलेत, खाली ट्रक उभा आहे. मी सांगितलं, मोऱ्याला आहे. तो म्हणाला की ठीक आहे, पण आता लगेच निघा.

"निघता येणार नाही," मी म्हणालो. "बेअरिंग गेलंय."

"काय?"

"बेअरिंग गेलंय. उरण रोडला कधीही जाम होईल."

पलीकडे कोणी तरी काही विचारत होतं, बहुतेक तेच गृहस्थ. तेजस त्यांच्यापासून बाजूला गेला असावा. हळू आवाजात म्हणाला, "बाबा, रिपोर्ट तर..."

"रिपोर्ट राहू दे. पोपटला विचार."

 फोन कट झाला नव्हता. ट्रकचं इंजिन चालू असल्याचा आवाज येत होता. शेवटी तो म्हणाला, "मी येतो तुम्हाला घ्यायला. माझी गाडी काढतो."

"नको. त्या गाडीत बसलं की हॉस्पिटल येतं."

मी फोन बंद केला. धार बारीक झाली होती, आता थेंब पडत होते. गोटीरामने काय झालं विचारलं. मी म्हणालो, काही नाही, घरी गिऱ्हाईक आलंय. तो डबा उचलून होडीकडे गेला. झाकण बांधायला फडकं नव्हतं, म्हणून तो दोन्ही हातांनी धरून सावकाश चालत होता. मी गोणपाटावर उठून बसलो. नट माझ्या मुठीत होता, अजून गरम. तो मी पुसला आणि खिशात टाकला.